बिनखरपुडीची एकादशी

एकादशीचा फराळ आटोपून बराच वेळ झाला आहे, तरी मन काही ठिकाणावर येत नाही, म्हणून लिहायला बसले आहे. कारण इतके क्षुल्लक आहे की ते कोणाला तोंडाने सांगायचीही लाज वाटावी: आईने आज साबुदाण्याची खिचडी आमच्या इंदूरच्या सराफा बाजारात रात्री मिळते तशी केली.

म्हणजे कढई काढलीच नाही. रात्री भिजवलेला साबुदाणा तिने मोदकपात्रात वाफवला, तो टपोरा आणि पारदर्शक झाल्यावर परातीत मोकळा केला, आणि मग प्रत्येकाच्या ताटलीपुरता वेगळा घेऊन त्यात बारीक चिरलेली मिरची, कोथिंबीर, सैंधव, जिरेपूड, लिंबू आणि वरून दुकानातले फरियाली, म्हणजे उपवासाचे, मिक्स्चर घालून चमच्याने भराभर कालवला. माझी ताटली हातात देताना ती म्हणाली, “घे, तुझी सराफ्याची खिचडी. आता तरी रात्री अकराला घराबाहेर पडायला नको.” मी खाल्ली. चांगली झाली होती. वाईट झाली असती तर एका वाक्यात तक्रार करून मी मोकळी झाले असते; चांगली झाली होती म्हणूनच सगळी पंचाईत आहे.

खाण्याच्या बाबतीत माझी ख्याती काय आहे हे वेगळे सांगायला नको. थंडी सुरू झाल्याचे मला कळते ते गराडू या कंदावरून: दोनदा तळलेल्या, बाहेरून कडक आणि आतून मऊ फोडी, त्यांच्यावर जिरावन हा चटपटीत मसाला आणि लिंबू, आणि त्या इतक्या गरम की पहिली फोड तोंडात नुसती इकडून तिकडे फिरवत राहावी लागते. पावसाळ्यात भुट्ट्याचा कीस, तुपात परतून दुधात शिजवलेला, घराबाहेरही आणि घरातही. दिवसा जिथे सोन्याचांदीचे व्यवहार चालतात, त्या सराफ्यात रात्री आठ-नऊनंतर बंद शटरांच्या पुढ्यात कढया चढतात. तिथे दहीवड्याचा द्रोण हवेत भिरकावून अलगद झेलणारे आणि एकाच चिमटीतून निरनिराळे मसाले वेगवेगळे सोडणारे हात पाहत उभे राहायला मी अजूनही कंटाळलेले नाही. शिकंजी मागितल्यावर लिंबाचे सरबत न येता आटवलेल्या दुधाचा घट्ट, सुकामेवा घातलेला पेला समोर आला की बाहेरगावचे पाहुणे गोंधळतात, तेव्हा त्यांच्याकडे पाहून मला जो आनंद होतो तो फारसा सज्जनपणाचा नसावा.

हे सारे बाहेरचे झाले. घरची भूक निराळी असते. गोडा मसाला आणि दाण्याचे कूट भरलेली वांगी, तेल सुटेपर्यंत मंद आचेवर ठेवलेली, आणि सोबत भाकरी, हे माझ्या लेखी सर्वांत मोठे जेवण. पुरणपोळीपेक्षा दुसऱ्या दिवशीची मुरलेली कटाची आमटी मला अधिक प्रिय आहे. रविवारी दाल-बाफले होतात, कणकेचे गोळे आधी उकळून मग भाजलेले, अगदी माळव्याच्या रीतीने. डाळीत मात्र आई गोडा मसाला घालते आणि शेजारच्या काकूंना ते कधीच पटलेले नाही. पोह्यांचे तर आमच्याकडे दोन स्वतंत्र पंथ आहेत. घरचे पोहे कांदा आणि शेंगदाण्याच्या फोडणीत परतलेले. बाहेरचे, छप्पनला, म्हणजे छप्पन दुकान या खाऊगल्लीत, मिळतात ते, उकळत्या पाण्याच्या भांड्यावर वाफेने मऊ ठेवलेले, बडीशेपेच्या वासाचे, वर शेव, जिरावन, कांदा आणि बाजूला जिलबी. या दोहोंची गल्लत आमच्या घरात कोणी कधी केली नाही. आज खिचडीच्या बाबतीत ती झाली, आणि ज्या व्यक्तीकडून ती कधीही होणार नाही असे मी धरून चालले होते, तिच्याकडूनच झाली.

खिचडी आमच्याकडे आजीच्या जाड बुडाच्या लोखंडी कढईत होत असे. भिजलेला दाणा बोटाने दाबून पाहायचा, पिठासारखा मोडला की तो तयार. मग त्याला कूट, मीठ आणि किंचित साखर चोळून ठेवायची, तूप-जिऱ्याच्या फोडणीत मिरचीबरोबर बटाट्याच्या काचऱ्या शिजवायच्या आणि त्यावर साबुदाणा घालून पाण्याचा हबका मारून झाकण ठेवायचे. सर्वांना वाढून झाल्यावर कढईच्या तळाशी तूप आणि कूट यांनी एकजीव झालेला, तांबूस, कुरकुरीत पापुद्रा राही. ती खरपुडी. उलथन्याने ती खरवडल्याचा आवाज आला की दादा आणि मी घरात जिथे असू तिथून धावत येत असू. आजी तिचे दोन वाटे करी आणि ते नेमके सारखे आहेत की नाहीत यावर आमचे न्यायनिवाडे चालत. आईने त्यात कधी हात घातला नाही. तिने स्वतःसाठी खरपुडीचा एक तुकडाही कधी मागे ठेवला नाही, हे आज दुपारी एकाएकी ध्यानात आले आणि माझ्या डोळ्यांत पाणी उभे राहिले.

वाफवलेल्या खिचडीला खरपुडी नसते. मोदकपात्राच्या चाळणीला काय धरणार?

दादा पुण्याला गेल्यावर सगळी खरपुडी माझ्या एकटीची झाली होती. लहानपणी ज्यासाठी मी रडून घर डोक्यावर घेतले असते ते न मागता पदरात पडले, आणि मला ते नीट उपभोगताही आले नाही; वाटेकऱ्याशिवाय ती खरपुडी जराशी वातडच लागत असे. आता वाटेकरीही नाही आणि वाटाही नाही. मला कोणी विचारले नाही, हे मला सर्वांत अधिक लागले. माझ्या नावाने, माझ्यासाठी, मला न विचारता. मला जे आवडते ते मिळावे म्हणून मला जे त्याहून अधिक आवडते ते काढून घेतले गेले, आणि वर मी आभारही मानावेत अशी अपेक्षा. तुपाची बरणीसुद्धा वरच्या फळीवर गेली आहे, बाबांचा हात सहज पोहोचणार नाही अशी. रिपोर्ट आल्यापासून घरात काय काय हलवले गेले आहे याची यादी मी करू शकते, पण आज ती करायची नाही.

मी शुद्धतेचा आग्रह धरणारी आहे, असेही नाही. वरणभातावर शेव घालून मी रोज जेवते. आजीने त्यावर वर्षानुवर्षे नापसंती दाखवली, तरी मी शेवेचा डबा सोडला नाही. तेव्हा बाजाराची चव घरात शिरली याचे मला दुःख असण्याचे कारण नाही. ती पूर्वीच शिरलेली आहे आणि दार मीच उघडलेले आहे. तरीही ताटातल्या शेवेखाली वरणभात तसाच असतो. रात्री अकराला सराफ्यात उभे राहून द्रोणातली खिचडी खाताना मला जी मजा येते, तिच्यात निम्मा भाग हा असावा की ही आपल्या घरची नाही, घरची निराळी आहे आणि ती घरी आहे. ती घरी नसेल तर मी बाहेर नेमके काय खाणार, असा काहीतरी पेच दुपारपासून डोक्यात घोळतो आहे. शब्दांत मांडल्यावर तो बराच पोरकट दिसतो, तरी तो सुटलेला नाही.

माझा चेहरा पाहून बाबांनी विचारले आणि मी घरच्या चवीविषयी काहीतरी पुटपुटले. ते म्हणाले, “कुठल्या घरची चव म्हणतेस? साबुदाणा ज्याचा होतो तो कंद मूळचा अमेरिकेकडचा, बटाटा तिकडचा, मिरची तिकडची, शेंगदाणाही तिकडचाच. आपलं त्यात म्हणशील तर तूप, आणि तेवढंच आज नव्हतं.” शेवटचे वाक्य बोलताना त्यांनी वरच्या फळीकडे असे पाहिले की मला पुढे वाद घालवेना.

दादाला फोन केला. सहानुभूती मिळेल असे वाटले होते. तो पुण्यात कोपऱ्यावरच्या गाडीवर इंदुरी पोहे खात उभा होता, त्यांत बडीशेप नाही आणि शेवेला काही चव नाही, अशी त्याची स्वतःचीच तक्रार चालू होती, आणि येणाऱ्या कोणाबरोबर तरी जिरावनाचे पाकीट पाठव, असे त्याने मला तीन-तीनदा बजावले. खरपुडीचे नाव काढल्यावर तो एवढेच म्हणाला, “मोठा वाटा नेहमी तूच उचलायचीस.” हे धादांत खोटे आहे.

संध्याकाळी आई कोथिंबीर निवडत बसली होती. मी शेजारी बसले आणि शक्य तितक्या सहज आवाजात म्हणाले, “आई, पुढच्या एकादशीला कढईतली कर ना.”

“करीन की,” ती म्हणाली, आणि दोन-तीन काड्या निवडून झाल्यावर, मान वर न करता, “पण खरं सांगू का? मला स्वतःला ती तशी कधी फारशी आवडली नाही. तूप घशाशी येतं. तुझ्या आजीला तशी लागायची, म्हणून तशी करायची सवय पडली. सराफ्यातली तुझ्या बाबांनी लग्नानंतर पहिल्यांदा खाऊ घातली, तेव्हापासून मला तीच आवडते.”

“मग ‘तुझी खिचडी’ असं मला का म्हणालीस?”

“तुझं नाव घेतलं की घरात कोणी काही बोलत नाही.”

मी थोडा वेळ गप्प बसले. मग न राहवून खरपुडीचे विचारले.

“ती दाताला चिकटते,” आई म्हणाली. “मी कशाला खाऊ?”

दुपारचे अश्रू परत घेता येत असते तर मी ते तिथेच घेतले असते. ज्याला मी त्याग समजून गहिवरले, ती साधी नावड होती. सराफ्यातून येताना मी कधीमधी खिचडीचा द्रोण बांधून आणत असे. आई झोपेतच “ठेव तिकडे” म्हणे, सकाळी द्रोण रिकामा सापडे आणि उपवासाच्या दिवशी नव्हे तेव्हाही खिचडी खातात म्हणून मी बाबांना चिडवत असे. बाबांनी ते सारे मुकाट्याने अंगावर घेतले, एकदाही खुलासा केला नाही. आईच्या हातची चव म्हणून मी मैत्रिणींपुढे जिची इतकी मिजास केली ती चव हाताने आईची असली तरी जिभेने आजीची होती, आणि आई इतकी वर्षे ती दुसऱ्याची आवड बिनचूक रांधत आली. मीठसुद्धा कधी कमी-जास्त झाले नाही. यावर काय म्हणावे हे मला कळत नाही. आजी असती तर तिने काय म्हटले असते, तेही कळत नाही. तिला ठाऊक असावे, असा मात्र माझा दाट संशय आहे.

खरपुडीचे दुःख याने तसूभरही कमी झालेले नाही. फक्त ते आता माझे एकटीचे आहे आणि त्याचे खापर कोणावर फोडता येत नाही, ही मोठी गैरसोय झाली आहे. आईने तडजोड सुचवली आहे: साबुदाणा सगळ्यांसाठी वाफवायचा, माझ्यापुरता मी कढईत परतून घ्यायचा, चमचाभर तुपात, आणि तेही बाबा फिरायला गेलेले असताना. कढई घासण्याची जबाबदारी अर्थातच माझी. अटी जाचक आहेत, पण मी त्या मान्य केल्या.

एकदा बोलती झाल्यावर मात्र ती थांबेना. श्रीखंड तिला पहिल्यापासून आवडत नाही. बाफले तिला ताजे नकोत, दुसऱ्या दिवशी कुस्करून गूळ घातलेले हवेत. परतलेल्या पोह्यांपेक्षा तिला छप्पनचे पोहे आवडतात, पण जिलबीशिवाय, कारण सकाळी सकाळी गोड खाणे तिला अजूनही विचित्र वाटते. हे सांगताना ती हसत होती आणि कोथिंबीर निवडायची थांबली होती. कटाच्या आमटीविषयी मी धीर करून विचारले; ती आवडते म्हणाली. भरल्या वांग्यांविषयी मी विचारलेले नाही, आणि ती स्वतःहून सांगू लागण्यापूर्वीच कोथिंबिरीची जुडी उचलून मी ओट्यावर नेऊन ठेवली.