कॅमेऱ्यामागून खुर्चीत, आणि परत

बढती म्हणजे वर जाणं, असं आपण धरूनच चालतो. गणिताचा हाडाचा मास्तर मुख्याध्यापक होतो, पेढे वाटले जातात, आणि मग तो फळ्यापुढे कमी, पगारबिलांवर सह्या करतानाच जास्त दिसतो. फ्रेडी फ्रान्सिस या इंग्रज छायालेखकाबद्दल वाचताना मला असे मास्तर हटकून आठवतात.

हा लंडनचा, जन्म १९१७चा. फोटोग्राफरकडे उमेदवारी, युद्धात सैन्यासाठी चित्रण, मग वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली कॅमेरा. स्वतंत्र छायालेखक होईपर्यंत चाळिशी आलीच होती. १९६०च्या ‘सन्स अँड लव्हर्स’साठी त्याला ऑस्कर मिळालं. गंमत म्हणजे त्या चित्रपटाचा दिग्दर्शक जॅक कार्डिफ हा स्वतःच रंगीत छायालेखनाचा बादशहा, ‘ब्लॅक नार्सिसस’चा ऑस्करविजेता. त्याने कृष्णधवल चित्रपट केला, कॅमेरा फ्रान्सिसच्या हाती दिला आणि स्वतः दिग्दर्शनाच्या नामांकनावर राहिला.

माझा जीव मात्र ‘द इनोसंट्स’वर. १९६१ची ही भुताची गोष्ट कंपनीच्या हट्टापायी सिनेमास्कोपमध्ये करावी लागली. एवढा आडवा पडदा, आणि कथा घाबरलेल्या एकट्या बाईची! फ्रान्सिसने लेन्सपुढच्या फिल्टरच्या कडा रंगवून काळ्या केल्या. त्यामुळे मधे उजेड आणि दोन्ही बाजूंना दाट अंधार. नायिका डेबोरा कर मेणबत्ती घेऊन जिना चढते तेव्हा आपण तिच्याकडे कमी आणि त्या कडांकडेच जास्त बघत बसतो. तिकडे काहीच नसतं. तरी बघतो.

मग तो दिग्दर्शक झाला. आता भीती दाखवायला एवढा हातखंडा असलेल्या माणसाला कोण काय देणार? हॅमर आणि अमिकस कंपन्यांचे भयपट. ड्रॅक्युला, कवट्या, तळघरं. त्यातले काही मजेदार आहेत, पण बरेचसे तो कॅमेऱ्यामागे असता तर चांगले झाले असते असे आहेत. शिक्का बसला तो बसलाच.

१९८० साली दिग्दर्शक डेव्हिड लिंचने त्याला ‘द एलिफंट मॅन’साठी परत कॅमेऱ्यामागे बसवलं. बासष्टीचा गृहस्थ, मधे इतकी वर्षं गेलेली, आणि तो काळवंडलेला, वाफेचा, धुराचा लंडन बघा! हात जराही विसरलेला नाही. १९८९च्या ‘ग्लोरी’साठी दुसरं ऑस्कर आलं, तेही रंगीत चित्रपटासाठी. दिग्दर्शकाने असं परत छायालेखक होण्याला आपल्याकडे लोक ‘पदावनती’ म्हणाले असते आणि चार जणांनी सांत्वनाला फोन केले असते.

शेवटचा मोठा चित्रपट लिंचचाच, ‘द स्ट्रेट स्टोरी’. गवत कापायच्या यंत्रावर बसून आजारी भावाला भेटायला निघालेल्या म्हाताऱ्याची ती खरी गोष्ट. चित्रीकरणाच्या वेळी फ्रान्सिस ऐंशीचा होता, म्हणजे गोष्टीतल्या म्हाताऱ्याहूनही मोठा. श्रेयनामावलीत त्याचं नाव छायालेखक म्हणूनच आहे.