गच्चीवरचे लंबक

वापरात असलेल्या पोलादी इमारतीचं बळकटीकरण म्हणजे काय, हे मी साइटवर जवळून पाहिलंय. तुळई-खांबाच्या एका सांध्यापर्यंत पोचायचं तर फॉल्स सीलिंग उतरवा, आगरोधक लेप खरवडा, रात्री वेल्डिंग करा, आणि सकाळी माणसं यायच्या आत धूर-धूळ साफ! म्हणूनच टोकियोतली शिंजुकू मित्सुई बिल्डिंग मला फार आवडते. १९७४ सालची, ५५ मजली. २०११ च्या भूकंपात ती मिनिटन् मिनिटं हेलकावत राहिली. २०१५ मध्ये गच्चीवर प्रत्येकी ३०० टनांचे सहा लंबक बसवले. इमारत एकीकडे गेली की लंबक मागे रेंगाळतो, आणि त्याला जोडलेले डॅम्पर, म्हणजे धक्के शोषणारी उपकरणं, ऊर्जा जिरवतात. वजन वरच का? कारण झोका सगळ्यात मोठा तिथेच असतो! शिवाय भाडेकरूंची जागा शाबूत राहते. आपल्याकडच्या उंच टॉवरवाल्यांनी हे जरूर अभ्यासावं.