मागचा पट्टा

दुपारी घर झोपलेलं असताना वेल्क्रो उघडू नये. हळूच उघडायला गेलं तर आवाज कमी होत नाही, नुसता लांबतो. परवा दळण घेऊन आले, पिशवी दारातच टेकवली आणि सँडल काढायला वाकले. तीन पट्टे, तीन वेळा चर्रर्र. आतल्या खोलीतून सासूबाईंचा झोपाळलेला आवाज आला, "काय फाटलं गं?"

काही फाटलं नव्हतं. ही सँडल ज्या खोक्यातून आली त्याच्यावर बर्फाचे डोंगर, निळी नदी आणि या दगडावरून त्या दगडावर उडी घेणारी एक बाई छापलेली होती. मी ती घालून गिरणीत जाते. पोस्टात जाते, मेथी-कोथिंबीर आणते, गॅसच्या नंबरासाठी भांडून येते. पावसाळ्यात सिंहगडही चढते म्हणा, आतकरवाडीच्या वाटेने, दर वळणावर दम खात आणि ताकवाल्या मावशींशी गप्पा मारत. पण खरा हिशेब मांडला तर गडापेक्षा गिरणीच जास्त भरेल.

या चर्रर्रचं श्रेय जॉर्ज द मेस्त्राल या स्विस इंजिनिअरचं. १९४१ साली गृहस्थ कुत्र्याला घेऊन रानात गेले आणि परतले तेव्हा कपड्यांना, कुत्र्याच्या केसांना काटेरी बोंडं चिकटलेली. त्यांनी ती सूक्ष्मदर्शकाखाली धरली, काट्यांच्या टोकांना बारीक आकडे दिसले, आणि पुढची कित्येक वर्षं त्यांनी त्या आकड्यांचा पिच्छा सोडला नाही. भाद्रपदात गडावरून उतरल्यावर आपणही ओढणीतली कुसळं वेचत बसतोच की. आपल्यापैकी कुणाला हे सुचलं नाही ते एका परीने बरंच झालं. घरोघरच्या दुपारच्या झोपा तेवढीच वर्षं जास्त टिकल्या.

आणि या सँडलचं मूळ तर थेट नदीत आहे. अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यनमध्ये कोलोरॅडो नदीतून रबरी होड्या नेणाऱ्या वाटाड्यांची एक अडचण होती. बूट घातले तर त्यांत पाणी भरतं, आणि साधी रबरी चप्पल घातली तर ती नदीच घेऊन जाते. १९८४ मध्ये मार्क थॅचर नावाच्या वाटाड्याने रबरी चपलेलाच टाचेमागून जाणारा वेल्क्रोचा पट्टा लावला. त्यातून तेवा ही कंपनी उभी राहिली, मग जगभर नकला झाल्या, आपल्याकडे फ्लोटर आले. खोल खाचांचा तळ, टाचेची उशी, बोटांपुढची रबरी ढाल ही सगळी पुढची सजावट. मूळ शोध काय, तर मागचा पट्टा. मला तो चाकाच्या खालोखाल महत्त्वाचा वाटतो. घरात हे मत कुणालाही मान्य नाही.

मला तसं वाटण्याला कारण साताऱ्याचा एसटी स्टँड आहे. मे महिना, दुपारची वेळ, आम्ही मेढ्याला मामाकडे निघालेलो. आईच्या एका कडेवर धाकटा भाऊ, दुसऱ्या हातात आंब्यांची पिशवी, आणि पदराला मी. गाडी फलाटावरून निघाली होती. बाबा असते तर पळत जाऊन त्यांनी दांडी धरली असती, त्यांच्या बुटांना लेस होती. आईने क्षणभर स्वतःच्या पायांकडे पाहिलं. मग दोन्ही चपला काढल्या, माझ्या हातात कोंबल्या, मुठीत निऱ्या धरल्या आणि त्या रखरखीत डांबरावरून ती अनवाणी पळत सुटली. मागून मी, छातीशी चपला धरून. कंडक्टरने घंटी मारली, गाडी थांबली. सीटवर बसल्यावर आईने पाय उचलून पिशवीवर ठेवले. तळवे लालबुंद झाले होते. मी विचारलं, "चपला घालूनच का नाही पळालीस?"

"चपला घालून पळता येतं होय?" आई म्हणाली, आणि भावाचं नाक पुसायला लागली.

तेव्हापासून मला बायकांच्या पायांकडे बघायची खोड लागली. शाळेतल्या बाईंच्या टकटकणाऱ्या चपला. काकूंच्या लग्नातल्या, मोती लावलेल्या, ज्यांतून पाय दर दहा पावलांनी निसटायचा. समोरच्या आजींच्या अंगठ्याच्या. शेजारच्या ताईच्या उंच टाचांच्या, ज्या घालून ती जिना उतरताना कठड्याला धरायची. घरातली, बाहेरची, लग्नातली अशा तीन जोडांत बाईचं सगळं भागायचं, आणि तिन्ही जोड फक्त चालण्यासाठी केलेले असायचे, तेही बेताने.

आमची मुलींची चैन जूनमध्ये. शाळा उघडायच्या आदल्या आठवड्यात पावसाळी खरेदी. दुकानाला माळा होता आणि माळ्याला चौकोनी भोक. दुकानदार काका पायाचं माप घ्यायचे आणि वर तोंड करून ओरडायचे, "मुलींचा सँडक, तीन नंबर, काळा!" वरून न दिसणारा कुणी तरी खोकं सोडायचा आणि काका आमच्याशी बोलता बोलता, वर न बघता, ते झेलायचे. मला सँडकपेक्षा ते झेलणंच बघायचं असायचं. म्हणून मी मुद्दाम म्हणायची, "हा बोचतो." मग आणखी एक खोकं.

सँडक म्हणजे अखंड प्लॅस्टिक. आत पाय पचपच वाजायचा, टाचेला फोड यायचा, वास तर विचारू नका. घ्यायचा एक नंबर मोठा, वाढत्या पायाचा. पाय वाढेपर्यंत सँडक टिकायचा नाही, हे दरवर्षी कळायचं आणि दरवर्षी पुन्हा एक नंबर मोठाच घेतला जायचा. पण त्याला बक्कल होतं, टाच धरून ठेवणारी कड होती. डबक्यातून सुसाट पळता यायचं. बाकीचे आठ महिने काहीही घाला, पळायची वेळ आली की अनवाणी. क्रीडास्पर्धेतही आम्ही अनवाणीच.

तर आता मी सँडल घ्यायला गेले की नवरा दुकानाबाहेर उभा राहतो. त्याला माहीत आहे, वेळ लागणार. पहिली गोष्ट, जायचं संध्याकाळी, दिवसभर चालून पाय फुगलेला असताना. सकाळी मापात बसलेली सँडल सहा वाजता चावते. मग ती हातात घेऊन वाकवायची. चवड्याखाली वाकली पाहिजे, मधोमध पोटात वाकली तर परत ठेवायची. पिळून बघायची. तळाला नख रोवायचं. नुसत्या फोमचा तळ हलका असतो, दुकानात पाय हरखून जातो, आणि पहिल्या पावसात ओल्या फरशीवर तोच तळ बाईला आडवी करतो. फोमखाली रबराचा थर हवा, त्याला खाचा हव्यात, पण इतक्या बारीक नकोत की कोकणातली लाल माती त्यांत बसून पुण्यापर्यंत येईल. पट्टे तळाच्या थरांत आत शिरलेले हवेत, कडेला नुसते चिकटवलेले नकोत. पट्ट्यांची आतली कड बोट फिरवून बघायची, कारण फोड करते ती कडच. वेल्क्रो लांब हवा. आणि घरी एक जुना टूथब्रश त्याच्यासाठी राखून ठेवायचा, कारण त्या आकड्यांत केस, दोरे, चिखल भरला की तो धरायचं सोडतो.

एवढं सगळं करेपर्यंत दुकानातला मुलगा माझ्याकडे आणि मग काचेबाहेरच्या नवऱ्याकडे बघायला लागतो.

लेडीज रॅक हा वेगळाच विषय. जेन्ट्सच्या रॅकवर काळा, करडा, तपकिरी आणि जाड तळ. आमच्याकडे जांभळा, गुलाबी, एक फिका हिरवा, आणि तळ निम्मा. आम्ही डोंगर चढतो तो बहुधा कमी दगडांचा असावा. सात-आठ नंबरनंतर लेडीज मापं संपतात, म्हणून माझी एक उंच मैत्रीण सरळ जेन्ट्समध्ये घेते आणि खूश असते. मला ते जमत नाही. जेन्ट्सची टाच रुंद, माझी अरुंद, उताराला पाय आत फिरतो. पुढे मात्र पाऊल पसरट. त्यात मी एकटी नाही. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने मध्यंतरी देशभरच्या लाखाहून जास्त लोकांची पावलं मोजली, तेव्हा आपली पावलं युरोप-अमेरिकेतल्यांपेक्षा रुंद निघाली. आणि आपण इतकी वर्षं त्यांच्याच मापांत बोटं कोंबतोय. जोडव्यांचा विचार तर कुठल्याच मापात नाही. पुढचा पट्टा नेमका जोडव्यावर येतो, ते बोटात रुततं, आणि गड उतरताना दर पावलाला आपण विवाहित असल्याची आठवण होते. मी ट्रेकला जोडवी काढून ठेवते. सासूबाईंना माहीत आहे. विषय निघत नाही.

हे नखरे फक्त सँडलपुरते. हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेसारखे दगडधोंडे किंवा सुटा घसारा असेल तर मुकाट्याने बूट घालावेत.

आईला आम्ही अशीच एक भारीतली सँडल घेऊन दिली होती. आईने ती दोनदा घातली, पुसली, कागदात गुंडाळली आणि 'चांगली आहे, राहू दे' म्हणून माळ्यावर टाकली. बऱ्याच वर्षांनी गावच्या यात्रेला जाताना काढली. वरून कोरी करकरीत. देवळाच्या पायऱ्यांपर्यंत पोचेतो तळाचे तुकडे पडायला लागले, आणि आईच्या मागे चुऱ्याची एक वाट तयार झाली. पॉलियुरेथेन नावाच्या फोमचा तळ हवेतली वाफ शोषतो आणि आतल्या आत सुटत जातो. आपल्या चार महिन्यांच्या दमट हवेत तर फारच. रोज वापरली असती तर बिचारी उन्हापावसात झिजून, रीतसर म्हातारी होऊन गेली असती. दुरुस्तीवाल्या काकांनी ती हातात घेतली, उलटी केली, थोडी हलवली आणि म्हणाले, "ताई, ही शिवायची नाही, झाडायची."

आई घरी येऊन म्हणाली, नाजूकच निघाली. कपाटातल्या ठेवणीतल्या साड्यांना मात्र तिने अजून हात लावलेला नाही.

माझी सँडल कधी कपाटात जात नाही. उन्हाने पायांवर तिरपे पांढरे पट्टे उमटलेत. पैठणी नेसून लग्नाला उभी राहिले की खाली बघून कुणीतरी विचारतंच, "पायाला काय झालं गं?"

गेल्या महिन्यात भाची पुण्याला शिकायला आली. म्हणाली, मावशी, मला सँडल घ्यायची आहे, तुला कळतं म्हणे त्यातलं. इतका मान मला घरात कधी मिळत नाही. संध्याकाळची वेळ गाठून दुकानात नेलं. एक वाकवली, एक पिळली, नख रोवलं, खाचा दाखवल्या, पट्टे ओढून दाखवले, तुला जोडव्यांची काळजी नाही म्हणून चेष्टा केली. ती मोबाइलमध्ये बघत हो हो म्हणत होती. दुकानातला मुलगा म्हणाला, "ट्रेकिंगला हवी असेल तर वरची रेंज दाखवू का मॅडम?"

"ट्रेकिंग नाही हो," भाची म्हणाली, "रोजचीच. क्लास सुटायला साडेनऊ होतात. स्टॉपवरून रूमपर्यंत मधे लाइट नसतात." मग माझ्याकडे वळून, अगदी सहज, "मैत्रिणी म्हणाल्या, मागे पट्टा असलेली घे."

मुलगा रंग सांगत होता. जांभळा आहे, गुलाबी आहे. मी काळी मागितली. जेन्ट्समधली पाच नंबर निघाली, तिला बसली. मी खाली वाकून तिचे तिन्ही पट्टे लावले, मागचा पुन्हा काढून आणखी घट्ट लावला. म्हटलं, "त्या टोकाच्या आरशापर्यंत जाऊन ये."

ती चालत निघाली.

"चालत नाही," मी म्हटलं. "पळत."