डीपी जळाला त्या रात्रीची शीतपेटी

बीड जिल्ह्यातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी औषधनिर्माण अधिकारी आहे आणि लसींच्या शीतसाखळीची जबाबदारी माझ्याकडे आहे. मे महिन्यातल्या एका दुपारी वावटळीपाठोपाठ वळवाचा पाऊस आला, गावाला वीज देणारा डीपी जळाला आणि तो दुसऱ्या दिवसापर्यंत बदलून मिळणार नाही असे समजले. पावसाआधी पारा 42 अंशांच्या पुढे गेलेला होता आणि लसींना 2 ते 8 अंश सेल्सिअस हे तापमान लागते.

खोलीत शिरताच शिपाईमामांनी, आत थंडी किती उरली ते पाहू म्हणून, आयएलआरचे, म्हणजे लसींच्या विजेवर चालणाऱ्या शीतपेटीचे, झाकण उचलण्यासाठी हात पुढे केला. मी त्यांना थांबवले. बाहेरच्या पडद्यावर आतले तापमान 4 अंश दिसत होते, त्यामुळे झाकण उघडायचे काहीच कारण नव्हते. उष्णता नेहमी जास्त तापमानाकडून कमी तापमानाकडे वाहते, तेव्हा आमचे काम थंडी सांभाळण्याचे नसून बाहेरची उष्णता आत शिरू न देण्याचे होते. या पेटीच्या भिंतींत बर्फाचे अस्तर असते. एक ग्रॅम बर्फ वितळताना सुमारे 80 कॅलरी उष्णता शोषतो आणि तोवर शून्य अंशावरच राहतो, पण तेच पाणी शून्यावरून 8 अंशांवर जायला जेमतेम 8 कॅलरी पुरतात. म्हणजे भिंतीत बर्फ शिल्लक आहे तोवर आत येणारी उष्णता तो वितळवण्यातच खर्ची पडते.

सायंकाळी गावातले कुल्फीवाले काका मदतीला आले. "साहेब, लागंल तेवढा बर्फ देतो, मीठ घालूनच आणलाय, लवकर इतळणार न्हाई," असे म्हणत त्यांनी बादली पुढे केली. त्यांच्या मनाचा मोठेपणा खरा होता. बादली मात्र मी परत केली. मिठाने बर्फाचा वितळणबिंदू शून्याच्या खाली जातो, असे मिश्रण उणे 10 अंशांच्याही खाली उतरू शकते, आणि पेंटाव्हॅलेंट, हिपॅटायटिस बी, टीडी या लसी एकदा गोठल्या की कायमच्या निकामी होतात. त्यांतले अॅल्युमिनियमच्या क्षाराचे कण गोठताना एकत्र चिकटतात आणि लस वितळल्यावर झपाट्याने तळाशी बसतात. उन्हाने लस बिघडते हे गावात सर्वांना ठाऊक असते. अति थंडीने बिघडते हे पटवायला मला दरवेळी वेळ लागतो.

रात्री पडद्यावर 5 आणि पहाटे 6 अंश दिसले. सकाळी उपकेंद्रावर लसीकरणाचे सत्र होते. डीप फ्रीझर बंद असला तरी त्यातले आइसपॅक अजून टणक होते, आणि तसेच ते लसवाहकात, म्हणजे लसी सत्राला नेण्याच्या पेटीत, ठेवणे म्हणजे कुल्फीवाल्यांची बादलीच आत ठेवण्यासारखे झाले असते. ते टेबलावर मांडून, बाहेरून घाम सुटेपर्यंत आणि हलवल्यावर आत पाण्याचा आवाज येईपर्यंत आम्ही थांबलो. बर्फ आणि पाणी एकत्र असले की पॅक शून्यावर स्थिरावतो आणि कुपीला शून्याखाली ओढत नाही. वाहकात 0.4 लिटरचे चार पॅक बसतात, आणि त्यांतला बर्फ पूर्ण वितळायला सुमारे सव्वा लाख कॅलरी उष्णता लागते. दिवसभराच्या सत्राला तेवढे पुरते.

"ताई, उशीर होतोय," असे जीपचा चालक दोनदा म्हणून गेला. आशाताईंनी चौथा पॅक कानाशी धरून हलवला, आवाज आला नाही म्हणून तो पुन्हा टेबलावर ठेवला आणि जीपला आणखी थांबायला सांगितले.