तुम्ही विचारलंत म्हणून: आत्याचं घर मी का विकलं

"आयतं घर मिळालं आणि तू विकून टाकलंस?" पुण्याहून काकू फोनवर विचारते. इथे लेस्टरला हळदीकुंकवाला गेले की बायका विचारतात. लंडनमध्ये घर घ्यायची स्वप्नं बघणारी तरुण मुलं तर लॉटरीचं तिकीट धुवायला टाकलेल्या बाईकडे बघावं तसं माझ्याकडे बघतात. "कर फार होता हो," असं म्हणून मी विषय बदलते. हे खोटं नाही, पण अर्धंच आहे. बाकीचं अर्धं आज लिहून टाकते.

आत्या १९६८ साली नर्स म्हणून इंग्लंडला आली. लग्न केलं नाही. १९७९ साली लंडनच्या हॅरो भागात तीन बेडरूमचं सेमी (एक भिंत शेजारच्या घराशी जोडलेलं घर) घेतलं, अठ्ठावीस हजार पौंडांना, पंचवीस वर्षांच्या कर्जावर. त्या कर्जाची एक वही होती. दर महिन्याचा हप्ता, त्यापुढे तारीख, त्यापुढे लाल पेनाने बरोबरची खूण. अशा तीनशे खुणा. शेवटच्या खुणेपुढे २००४ साल आणि "फिटलं", खाली दोन रेघा. मी लहान असताना सुट्टीत आले की ती वही मला हात लावू देत नसे.

फेब्रुवारी २०२४मध्ये ती गेली. मृत्युपत्रात सगळं माझ्या नावे आणि एक्झिक्युटरही, म्हणजे ते अमलात आणणारीही, मीच.

आता आकडे, कारण त्यांच्याशिवाय ही गोष्ट कळत नाही. घराची किंमत निघाली ६,१०,००० पौंड. बँकेत ३७,०००. अंत्यविधी आणि किरकोळ देणी ७,०००. म्हणजे निव्वळ ६,४०,०००. इथे पहिल्या ३,२५,००० वर वारसा कर नाही, त्यापुढच्या रकमेवर ४० टक्के. ही मर्यादा एप्रिल २००९ पासून तिथेच थिजली आहे. घरांच्या किमती मात्र थिजलेल्या नाहीत. हिशेब झाला १,२६,००० पौंड. माझा हातात येणारा पगार महिन्याला बावीसशे.

"पण राहत्या घराला आणखी पावणेदोन लाख माफ असतात ना?" हे नेहमी कोणीतरी जाणकार विचारतंच. असतात. पण घर मुलांना किंवा नातवंडांना गेलं तरच. सावत्र, दत्तक मुलं चालतात, भाची चालत नाही. मी तिची लेक असते तर कर ५६,००० झाला असता. भाची म्हणून सत्तर हजार जास्त. आत्या मला सगळ्यांसमोर "माझी लेक" म्हणायची. फॉर्मात त्यासाठी रकाना नाही.

दुसरा प्रश्न, तिने आधीच घर तुझ्या नावावर का नाही केलं? तिने विचारलं होतं, दहाएक वर्षांपूर्वी. पण घर देऊन टाकायचं आणि बाजारभावाने भाडं न देता त्यातच राहायचं, तर सात वर्षं उलटली तरी ते घर तिच्याच इस्टेटीत धरलं जातं. आणि स्वतःच्या घरात मला भाडं देत राहायला आत्या काही तयार झाली नसती. कर भागवण्यापुरता विमा ट्रस्टमध्ये, म्हणजे इस्टेटीबाहेर, काढून ठेवता आला असता, हे मात्र खरं. तेव्हा आम्हा दोघींना सुचलं नाही.

पुण्याला हे समजावताना माझी दमछाक होते. आपल्याकडेही असा कर होता, १९५३च्या कायद्याने आलेली इस्टेट ड्यूटी. वरच्या टप्प्याला ८५ टक्क्यांपर्यंत दर गेला होता. १९८५ मध्ये ती बंद झाली आणि लोक साफ विसरले. त्यामुळे काकूला अजून वाटतं की मला कोणीतरी फसवलं.

खरा पेच रकमेपेक्षा क्रमाचा होता. मृत्यूच्या महिन्यानंतर सहावा महिना संपायच्या आत कर भरायचा, म्हणजे मला ३१ ऑगस्ट. कर भरल्याशिवाय प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्राप्रमाणे मालमत्ता हाताळायची कोर्टाची परवानगी, मिळत नाही. प्रोबेटशिवाय घर विकता येत नाही, त्यावर कर्जही काढता येत नाही. घराच्या जोरावर जो कर लागला, तो भरायला घराचा उपयोग नाही. मी ज्या सॉलिसिटरकडे गेले त्यांनी खास या कामासाठी मिळणाऱ्या कर्जाचं पत्रक पुढे सरकवलं. व्याजदर वाचून मी ते घडी घालून पर्समध्ये ठेवलं आणि घरी येऊन एचएमआरसीची, म्हणजे इथल्या कर खात्याची, माहितीपत्रकं वाचायला बसले. दोन रात्री गेल्या. त्या सॉलिसिटरनी न सांगितलेल्या दोन गोष्टी तिथे साध्या इंग्रजीत छापलेल्या होत्या.

पहिली, घरावरचा कर दहा वार्षिक हप्त्यांत भरता येतो. बँकेतल्या पैशांवरचा मात्र लगेच. माझ्या १,२६,००० पैकी घराच्या वाट्याचे १,२०,०९४ आणि रोख रकमेच्या वाट्याचे ५,९०६. म्हणजे आधी भरायचे होते ते पहिला हप्ता १२,००९ आणि हे ५,९०६, मिळून अठरा हजारांच्या आत.

दुसरी, गेलेल्या माणसाचं खातं गोठलेलं असलं तरी बँक त्यातून कराचे पैसे थेट एचएमआरसीला पाठवू शकते. आधी एक संदर्भ क्रमांक मागवून घ्यायचा (याला तीन आठवडे हाताशी ठेवा), मग आयएचटी४२३ हा फॉर्म, प्रत्येक बँकेला वेगळा. आत्याच्याच पैशांतून आत्याच्या घराचा पहिला हप्ता गेला. तिला हे आवडलं असतं. उधारी तिला सोसत नसे. ऑक्टोबरात प्रोबेट हातात आलं.

इथपर्यंत मी स्वतःवर खूश होते. दहा वर्षं आहेत, बघू, असं सगळ्यांना सांगत होते. हप्ता म्हणजे सवलत, असं माझ्या डोक्यात बसलं होतं. हप्ता ही फक्त मुदत असते आणि मुदतीला भाडं असतं. घराच्या बाबतीत व्याज पूर्ण शिल्लक रकमेवर लागतं. माझ्या डोक्यावर १,०८,००० राहिले होते. दर साडेसात टक्क्यांवरून उतरत फेब्रुवारी २०२५मध्ये सातवर आला, मला हायसं वाटलं, आणि ६ एप्रिलला नियमच बदलला. बँक ऑफ इंग्लंडच्या दरावर अडीच टक्के जादा होते ते चार झाले. सात होते, एका रात्रीत साडेआठ. दुसऱ्या हप्त्याला मुद्दल बारा हजार आणि व्याज आठ हजारांच्या वर.

मग भाड्याने द्यायचं ना! हो, तेही कागदावर मांडलं. महिना दोन हजार भाडं धरलं, वर्षाला चोवीस. त्यातून एजंट, विमा, दुरुस्ती वजा. उरलेलं माझ्या पगारात मिळवलं की काही भाग ४० टक्क्यांच्या इन्कम टॅक्समध्ये जातो. आणि वारसा कराचा हप्ता भाड्याच्या उत्पन्नातून खर्च म्हणून वजा धरता येत नाही, हे मला शेवटी कळलं. हातात राहतील तेरा-चौदा हजार, द्यायचे वीस. शिवाय भाडेकरू ठेवायचा तर विजेच्या जोडणीचं प्रमाणपत्र लागतं. वायरमन आला, त्याने स्वयंपाकघरातला स्विचबोर्ड उघडला, आत बघितलं, आणि काही न बोलता परत लावला. ओली भिंत, छप्पर, बॉयलर यांचे आकडे मी त्या दिवशी विचारलेच नाहीत.

तिथे राहायला जाणं? नोकरी लेस्टरला. आणि मी राहिले म्हणून कर कमी होत नव्हता.

जून २०२५मध्ये घर बाजारात ठेवलं. ऑगस्टचा हप्ता तरीही भरावा लागला: आत्याच्या खात्यातले उरलेले नऊ हजार आणि माझी अकरा हजारांची सगळी शिल्लक. नोव्हेंबरात व्यवहार पूर्ण झाला, ५,८५,००० ला. घर विकलं की हप्त्यांची सोय संपते, राहिलेला कर एकरकमी द्यावा लागतो. तो दिला.

एक शहाणपण मात्र झालं होतं. घर मी स्वतःच्या नावावर करून न घेता एक्झिक्युटर म्हणूनच विकलं. मृत्यूनंतर चार वर्षांच्या आत घर ठरलेल्या किमतीपेक्षा कमीला गेलं, तर आयएचटी३८ फॉर्म भरून त्या फरकावरचा कर परत मागता येतो. पंचवीस हजार कमी आले, त्याचे ४० टक्के म्हणजे दहा हजार. कोणीही आपणहून आणून देत नाही, मागावे लागतात.

"सगळं देऊन साडेचार लाख उरले ना? मग रड कसली?" हे भावाने विचारलं आणि बरोबरच विचारलं. मी रडत नाहीये. त्यातून मी लेस्टरला फ्लॅट घेतला, कर्जाशिवाय. माझ्या वयाच्या किती बायकांना हे जमतं? करच नको असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. आत्याने चाळीस वर्षं ज्या सरकारी इस्पितळांत काम केलं तीही कुठून तरी चालतात.

पण तुम्ही विचारता ते घराबद्दल. आणि खरं सांगायचं तर विकावं लागणार हे मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं. सॉलिसिटरच्या पायऱ्या उतरतानाच. तरी मी वर्षभर हप्त्यांचे कोष्टक करत बसले, कारण त्या घरात अजून तिच्या शालीचा वास होता आणि रविवारी जाऊन मी खिडक्या उघडत असे. त्या वर्षाचे आठ-नऊ हजार पौंड पडले. महाग पडलं. फुकट गेलं असं मात्र माझ्याने म्हणवत नाही, आणि तुमच्यापैकी कोणावर ही वेळ आली तर आधी व्याजाचा आकडा काढा, मग खिडक्या उघडायला जा.

आयएचटी३८ गेल्या महिन्यात पाठवला. पत्त्याच्या चौकटीत सवयीने हॅरोचं घर लिहिलं गेलं होतं. ते खोडून लेस्टर घातलं. पेन लाल होतं, म्हणून पुन्हा नवा फॉर्म छापावा लागला.