आईचं निराधारचं प्रकरण: माझा अनुभव

बाबांची तेरवी झाली आणि चौदाव्या दिवशी आई निंदायला गेली. ऑगस्ट २०२३ ची गोष्ट. दवाखान्याची उसनवारी डोक्यावर होती. तिला कोणी जा म्हटलं नाही, पण 'दोन दिवस थांब' म्हणायची सोय आमच्या घरात नव्हती. भाऊ अकरावीत, मी गावच्या वाचनालयात भरतीचा अभ्यास करत होते. यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं खेडं, दोन एकर कोरडवाहू वावर.

आईचं प्रकरण संजय गांधी निराधार योजनेत बसेल हे आशाताईंनी सांगितलं. योजना १९८० पासूनची आहे. ६५ वर्षांच्या आतल्या विधवा, दिव्यांग, दुर्धर आजाराने खचलेली माणसं अशांना दर महिन्याला मदत मिळते. २०२३ मध्येच ती १,००० वरून १,५०० रुपये झाली होती.

फेब्रुवारी २०२४ मध्ये मी कागदं जमवायला लागले. बाबा गेले शहरातल्या दवाखान्यात, त्यामुळे मृत्यूची नोंदही तिकडेच. दाखला आणला तर त्यावर बाबांच्या नावाला 'राव' लागलेलं, आधारवर नुसतं नाव. तेवढ्या दोन अक्षरांसाठी प्रतिज्ञापत्र करून द्यावं लागलं. मग १५ वर्षांच्या रहिवासाचा पुरावा. घर बाबांच्या नावावर, वावर त्यांच्या नावावर, विजेचं बिलही त्यांचंच. लग्न होऊन आल्यापासून या गावात राबलेल्या बाईच्या नावाचा एक कागद घरात सापडला नाही. शेवटी जुन्या मतदार यादीत तिचं नाव निघालं. त्या ओळीवर बोट ठेवून मी किती वेळ बसले होते.

खरी अडचण उत्पन्नाच्या दाखल्याची. या योजनेत विधवेसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत लागतं. म्हणजे दिवसाला ५७ रुपये, तेही सगळ्या घराचे. कापूस वेचणीचे आमच्याकडे किलोमागे दहा रुपये मिळत होते. एखादी बाई दिवसाला ४० किलो वेचते. हंगामभर अंग मोडून गेली तर तिची मजुरी या मर्यादेच्या वर जाते, आणि मग सरकारच्या लेखी ती निराधार उरत नाही. अर्ज भरून देणारा माणूस सहज म्हणाला, "२१ च्या आत लिहा, सगळेच लिहितात." त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. पण माझ्या आईला आधार मिळावा म्हणून तिच्या कष्टाचा हिशोब खोटा लिहायचा, हे मला पटेना.

आमच्या दाखल्यावर आधी ४८,००० आले, 'शेती आहे' म्हणून. मी घरी येऊन वहीत सगळं उतरवलं. बियाणं, खत, फवारणी, सोंगणी, आणि शेवटी सोयाबीन विकून हातात आलेली रक्कम. खर्च जास्त निघाला. बाबांच्या आजारपणात आई महिनोन्‌महिने दवाखान्यात होती, म्हणून मजुरीचे दिवसही मोजकेच. ती वही घेऊन मी दाखला देणाऱ्या कचेरीत पुन्हा गेले. तिथे उभ्याउभ्याच "होत नाही" असं सांगितलं गेलं. मी म्हटलं, "नसेल होत तर लेखी द्या, मी वर अर्ज करते." महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ चा आहे, त्यात ठरल्या मुदतीत सेवा मिळण्याचा हक्क आहे आणि अपिलाची सोय आहे, हे मी अभ्यासात वाचलं होतं. वही तपासली गेली. दाखला दुरुस्त होऊन आला. तुम्ही असं प्रकरण टाकत असाल तर पोचपावती घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.

पुढे लोकसभेची आचारसंहिता लागली, मग विधानसभेची. प्रकरणं मंजूर करणाऱ्या समितीच्या बैठका लांबत गेल्या. एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे म्हणून माझ्या चकरा निभल्या. आई म्हणायची, "कायले इतली पायपीट करून रायली? देतीन तवा देतीन." ती हे पैसे देणाऱ्याची मेहेरबानी समजत होती. मला तिथेच खुपायचं. राज्यघटनेचं कलम ४१ मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं. काम मिळण्याचा हक्क, आणि बेकारी, म्हातारपण, आजार, अपंगत्व यांत सार्वजनिक मदत मिळण्याचा हक्क. पण ते कलम मार्गदर्शक तत्त्वांत आहे, आणि त्या तत्त्वांसाठी कोर्टात जाता येत नाही, असं कलम ३७ सांगतं. माझ्या मते हे कलम प्रत्येक नागरिकाला कोर्टात मागता येईल असा हक्क व्हायला हवं. त्यासाठी कोणाला आपली गरिबी ५७ रुपयांच्या मापात बसवून दाखवायला लागू नये.

मंजुरी आली २०२५ च्या सुरुवातीला. पैसे आता आधार जोडलेल्या खात्यात थेट येतात. काढायला गेलो तर आईचा अंगठा लागेना. सुकलेल्या बोंडांची टोकं वर्षानुवर्षं टोचून तिच्या बोटांच्या रेषाच पुसल्या आहेत. पेरांवर बारीक काळ्या चिरा, त्यात मळ बसलेला. बँकेच्या माणसाने ओल्या फडक्याने एकेक बोट पुसलं. डाव्या हाताची अनामिका लागली. तेव्हापासून ती घरातून निघतानाच ते बोट धुऊन, कोरडं करून निघते.

१,५०० रुपयांत घर चालत नाही. तेल, चहा-साखर, भावाचा बसचा पास, एवढंच निघतं. वर हयातीचा दाखला दरवर्षी द्यायचा. यंदा ती जास्त दिवस वेचायला गेली तर पुढच्या दाखल्यावर काय येईल, ही धास्ती माझ्या मनातून जात नाही.

नोव्हेंबरात तिला ताप भरला. पहाटे मजुरीच्या बाया बोलवायला आल्या, फाटकाशी थांबल्या. आई गोधडीतूनच म्हणाली, "तुमी जा वो बाई. मी आज नाही येत."

आणि कूस बदलून झोपली.