उतरत्या उजेडाचा सूर

गणपतीत डॉल्बीच्या भिंतींनी बधिरलेले सांगलीचे कान आश्विन लागला की हळूहळू ताळ्यावर येतात. दुपारी ऑक्टोबर हीट असतेच, मधूनच परतीचा पाऊस गडगडून जातो. पण कृष्णेचं पाणी खाली गेलेलं असतं, घाटाच्या पायऱ्यांवरचा गाळ वाळलेला असतो आणि सहा वाजून गेले की अंधार भराभर पडतो. इलेक्ट्रॉनिक आवाजांचे प्रयोग उघड्यावर करायला हेच दिवस बरे, कारण त्यातला मुख्य वादक हा अंधारच.

लॅपटॉप घरी राहिला तरी चालतो. 40106 नावाची एक चिप पुरते. तिच्यात सहा श्मिट ट्रिगर इन्व्हर्टर (इनपुट चढला की आउटपुट उतरवणारे, उतरला की चढवणारे स्विच) असतात, म्हणजे सहा स्वर. 14 नंबरच्या पायाला 9 व्होल्ट, 7 नंबरला ग्राउंड. पाय 1 पासून ग्राउंडपर्यंत 1 मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर. पाय 2 पासून परत पाय 1 ला एक एलडीआर (उजेड वाढला की रोध कमी होणारा रेझिस्टर) आणि त्याच्या सिरीजमध्ये 1 किलोओहमचा रेझिस्टर. झाला एक ऑसिलेटर, म्हणजे स्वर काढणारं सर्किट. हा रेझिस्टर गाळायचा मोह होतो, पण भर उन्हात एलडीआरचा रोध काहीशे ओहमवर येतो आणि तेवढा प्रवाह चिपला झेपत नाही. सहाही आउटपुटना 100-100 किलोओहम लावून टोकं एकत्र बांधायची, पुढे व्हॉल्यूमचा पॉट (फिरवून रोध बदलणारं बटण) आणि एलएम 386 चिपचा छोटा अ‍ॅम्प. जो इन्व्हर्टर वापरायचा नाही त्याचा इनपुट ग्राउंडला टाकावा. मोकळा राहिला की हवेतली गुणगुण पकडतो आणि बॅटरी खातो.

उन्हात हे यंत्र हजार हर्ट्झच्या आसपास शिट्टी मारत बसतं, ऐकवत नाही. खरी मजा तिन्हीसांजेला. उजेड कमी होतो तसा एलडीआरचा रोध चढतो आणि स्वर उतरत जातो. दिवेलागणीला तो शंभर हर्ट्झच्या खाली खर्जात घुमतो आणि पुढे विसाच्या खाली गेला की स्वर राहतच नाही, नुसती टिकटिक उरते. सहा एलडीआर एकसारखे कधीच नसतात, त्यामुळे सहा स्वर वेगवेगळ्या चालीने उतरतात. वायरवर चढवतात त्या काळ्या स्लीव्हचे तुकडे नळीसारखे चढवून एकेकाचं तोंड वेगळीकडे वळवलं तर पश्चिमेकडचा शेवटपर्यंत टिकून राहतो. कृष्णेवरच्या आयर्विन पुलावरून एखाद्या गाडीचा हेडलाइट अंगावर आला की स्वर किंचाळून वर जातो. पण एलडीआर अंधाराला सावकाश सरावतो, म्हणून परत येताना छान मींड घेत येतो. मोबाइलचे टॉर्च मात्र आधीच बंद करायला सांगावं.

बिघडतं ते बहुतेक बॅटरीपाशी. चिप आणि अ‍ॅम्प एकाच 9 व्होल्टवर चालवले तर आवाज वाढवताच भुकभुक सुरू होते. अ‍ॅम्पला वेगळी बॅटरी आणि तिच्यावर 470 मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर द्यावा. चिपच्या 7 आणि 14 मध्ये 0.1 मायक्रोफॅरड नसेल तर स्वर एकमेकांना ओढून एका सुरात येतात. काहींना तेच आवडतं, आवडू दे. पॉवर बँक वापरली तर वेगळीच गंमत: सर्किट इतका कमी प्रवाह घेतं की काही जोडलेलंच नाही असं समजून ती झोपी जाते. 5 व्होल्टवर 47 ओहमचा 1 वॅटचा रेझिस्टर प्लस आणि मायनसमध्ये आडवा टाकला की शंभरेक मिलिअँपिअर जातात आणि ती जागी राहते. रेझिस्टर तापतो, हात लावू नये.

खर्जाला सोबत हवी तर मिरज शेजारीच आहे. तिथल्या तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. भोपळ्याला पायझोची चकती (कंप पकडून त्याचा विजेचा सिग्नल करणारी) लावायची, पण पॉलिश उखडणार नाही अशा पुटीने. ही चकती साधारण 20 नॅनोफॅरडची असते. 10 किलोओहमच्या लाइन इनपुटला जोडली तर आठशे हर्ट्झच्या खालचं सगळं पातळ होतं आणि तंबोरा पत्र्याचा वाटतो. 1 मेगाओहम इनपुटचा प्रीअ‍ॅम्प (अ‍ॅम्पच्या आधीचं छोटं सर्किट) मध्ये घातला की जवारी, म्हणजे तारांचा झणझणता नाद, पुन्हा ऐकू येते.

उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलने पडतो. एका मीटरवर 80 असेल तर चार मीटरवर 68 उरतो. म्हणून व्हॉल्यूम वाढवण्यापेक्षा माणसं जवळ बसवावीत आणि स्पीकरची पाठ घाटाच्या भिंतीला लावावी, खर्ज फुकट वाढतो. सूर्य बुडाल्यावर जमिनीलगतची हवा आधी गार होते, आवाज वर निसटण्याऐवजी खाली वळतो आणि पाण्यावरून पार पलीकडच्या काठावरच्या सांगलवाडीपर्यंत जातो. तिथल्या लोकांनी काही मागितलेलं नसतं, हे ध्यानात असावं. रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंदच.

दिवस निवडायचे ते कोजागरी ते वसुबारस. त्याआधी नवरात्राचे मांडव, नंतर फटाके, आणि हंगाम सुरू झाला की उसाचे ट्रॅक्टर टेपसकट. कोजागरीच्या चांदण्यात एलडीआर सेकंदाला पाच-सहा टिकटिक देतो, काळोखात जेमतेम एखादी. त्यामुळे संकष्टीची रात्र सगळ्यांत चांगली: आधी स्वर पार तळाला जातात आणि चंद्र उगवून जरा वर आला की टिकटिक पुन्हा वेग धरते. चंद्रोदयाची वेळ कॅलेंडरात छापलेलीच असते, साडेआठच्या आगेमागे. पंचमीपासून चंद्र इतका उशिरा येतो की दहाच्या आत आवरण्याचा हिशेब बसत नाही.